बोलणारं मूल खोलीत असताना

फोनवरचा माणूस माझे आभार मानत होता आणि मला ते लवकर आटपायला हवे होते. समोरच्या टेबलावर एक सहा महिन्यांचं बाळ उताणं पडून माझ्या स्टेथोस्कोपची नळी चघळत होतं, आणि त्याची आजी त्याच्या आईला तोंड उघडू न देता त्याच्या शीचा रंग मला सविस्तर सांगत होती. सकाळी आमच्या दवाखान्यात नुसता गोंधळ असतो. "कोणी बाप आहे, तुमच्याशीच बोलायचंय म्हणतो," असं पुटपुटत सिस्टरनं फोन माझ्या हातात कोंबला होता. माणूस गोड बोलत होता. म्हणाला, परवा आम्ही आलो होतो मॅडम, साडेतीन वर्षांची मुलगी, बोलत नाही म्हणून. ती बोलली. काल जेवताना बोलली, एकदम अख्खं वाक्य. मी म्हणाले, वा, छान. मला खरंच बरं वाटलं, कारण आमच्या धंद्यात अशा बातम्या फोनवरून येत नाहीत, फोनवरून ताप येतो आणि उलट्या येतात. काय म्हणाली, असं मी विचारलं. तो हसला. "आईला म्हणाली, घरात कोणाची भीती वाटते का? अगदी तुमच्यासारखी मान तिरकी करून. आम्ही दोघं बघतच राहिलो. म्हटलं, मॅडमना कळवायलाच पाहिजे." कानाची तपासणी झाली आहे, रिपोर्ट घेऊन दुपारी येतो, तिघंही येतो, असं सांगून त्यानं फोन ठेवला. मी बाळाच्या तोंडातून नळी काढून घेतली आणि आजीला म्हणाले, पुन्हा सांगा, रंग कसा होता. आजीनं पहिल्यापासून सुरुवात केली.

बोलणारं मूल खोलीत असेल तर विचारायचं नाही. एवढा एकच नियम आहे, आणि तो मी स्वतः नव्या डॉक्टरांना शिकवते. मूल दोन वर्षांच्या पुढचं असलं की ते आपल्या प्रश्नाचं पार्सल घरी नेतं आणि नको त्या माणसासमोर उघडतं. म्हणून आमची एक रीत आहे. वजनाची खोली माझ्या खोलीतूनच आत जाते. सिस्टर म्हणते, वडिलांनी उचला बरं बाळाला, वडिलांनी धरलं की काट्यावर मूल हलत नाही. हे धादांत खोटं आहे, पण बापांना ते फार आवडतं. ते छाती काढून मुलाला उचलून आत जातात, दार लागतं, काटा खडखडतो, आणि तेवढ्या वेळात मी आईला विचारते. परवा सिस्टरनं तेच म्हटलं, आणि ती मुलगी बापाकडे जाईना. आईच्या कमरेला अशी चिकटली की सोडवता सोडवेना. आम्ही सगळे हसलो, चक्क हसलो. सिस्टर म्हणाली, आईवेडी आहे अगदी. तोही हसला. मग मी त्याला कानाच्या तपासणीची वेळ ठरवायला व्हरांड्याच्या टोकाला पाठवलं, आणि मुलगी राहिली. मी तिच्याकडे पाहिलं. ती बोलत नव्हती. त्यासाठीच तर आणली होती. पाच मिनिटांपूर्वी मीच तिच्या आईबापांना ठणकावून सांगितलं होतं की हिला समजतं सगळं, पंखा दाखव म्हटलं की पंखा दाखवते, चेंडू आण म्हटलं की आणते, समजण्यात काडीचा दोष नाही, फक्त बोलत नाही. आणि पाच मिनिटांनी मी ते समजणारं मूल खोलीत नसल्यासारखं वागले आणि आईला तो प्रश्न विचारला. इतकी वर्षं मुलं तपासतेय. शिकाऊ पोरीनंसुद्धा हा गाढवपणा केला नसता, कारण शिकाऊ पोर नियम पाळते. नियमाला फाटे फोडायला माझ्यासारखं मुरलेलं माणूस लागतं.

आणि ती बाई नाही म्हणाली होती. पटकन म्हणाली, माझं वाक्य पुरं व्हायच्या आत, जसं कोणी चहा विचारल्यावर उगाच नको म्हणतं. मला त्या पटकन आलेल्या नाहीचा इतका कंटाळा आलाय की सांगता सोय नाही. हे प्रश्न आमच्या गळ्यात पडले तेव्हा मुख्य कार्यालयातून एक प्रशिक्षणवाल्या बाई आल्या होत्या, आवाज मधाळ, हातात खडू. त्या म्हणाल्या, प्रश्न असा विचारा की जणू तुम्ही लसीची तारीख विचारताय. सहज. आम्ही हे सगळ्यांना विचारतो, असं आधी सांगा. मग आम्ही एकमेकींना विचारून सराव केला आणि सगळ्या खिदळलो, कारण आमच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी सगळ्याच प्रश्नांना हो म्हणून टाकलं. तेव्हापासून मी विचारतेय. घरात कोणाची भीती वाटते का? कोणी हात उचलतं का? आयांची उत्तरं मला पाठ आहेत. काही हसतात. काही माझ्याकडे अशा बघतात की जणू मीच काही घाणेरडं बोलले. एकीनं मला उलट विचारलं, का हो, माझ्याकडे बघून तसं वाटतं का, आणि मग वर्षभर तिनं मुलाला दुसऱ्या डॉक्टरकडे नेलं. सासवा दारातून डोकावतात. नवरे फोनवर बोलता बोलता कान इकडे देतात. एक नवरा तर परस्पर म्हणाला, नाही हो, तिला कोणाची भीती नाही, मीच तिला घाबरतो, आणि तिनं ते ऐकून हसायचं होतं म्हणून ती हसली. क्वचित कधीतरी एखादी थांबते. बाळाच्या टोपीची नाडी बोटाला गुंडाळते, सोडते, पुन्हा गुंडाळते. त्या थांबण्यासाठी हे सगळं करायचं, असं त्या मधाळ बाई म्हणाल्या होत्या. मला पटतं. पण बाकीच्या नाहींचा ढिगारा उपसताना जीव मेटाकुटीला येतो, हेही खरं आहे. आणि परवा मी तशीच कंटाळून, मान तिरकी करून, लसीची तारीख विचारावी तसं विचारलं होतं. मुलीनं ती तिरकी मान बरोबर उचलली.

मी सकाळभर त्या जेवणाच्या ताटांकडे बघत राहिले. म्हणजे समोर मुलं येत होती, मी त्यांचे घसे बघत होते, जिभेवर चमचा दाबत होते, पण मला दिसत होती तीन ताटं, आणि त्यावरून उठलेला तो आवाज. साडेतीन वर्षं ज्या तोंडाला कुलूप होतं ते उघडलं आणि आतून माझंच वाक्य बाहेर आलं. मग काय झालं असेल? तो आधी हसला असेल. फोनवर हसला तसाच. मग त्यानं बायकोला विचारलं असेल, हे कुठे ऐकलं हिनं? आणि काय उत्तर दिलंस तू? नाही म्हणाले, असं ती म्हणाली असेल, आणि ते खरं होतं, आणि खऱ्याचा अशा घरात काही उपयोग नसतो. काल रात्री त्या घरात जे काही झालं असेल ते माझ्या एका वाक्यानं झालं असेल, या विचारानं मला इतका राग आला की मी एका बापाला, बिचाऱ्याचा काही दोष नसताना, मुलाच्या वाढलेल्या नखांवरून झापलं. राग कोणावर काढावा ते कळत नव्हतं. त्या माणसावर होताच. त्या बाईवरही होता, आणि हे कबूल करायची लाज वाटते, पण होता. अगं, हो म्हणाली असतीस तर मी काहीतरी केलं असतं, असा.

मला नवऱ्याच्या तोंडाकडे बघून बोलणाऱ्या बायका ओळखता यायला हव्यात. मी त्यातच वाढले. माझ्या बाबांनी आईवर कधी हात उचलला नाही. त्यांना गरज पडली नाही. आमचे घरचे डॉक्टर यायचे, मोठ्या पोटाचे, हसरे, आईला खोकला झाला की आईची नाडी हातात धरून बाबांना विचारायचे, झोप लागते का? बाबा सांगायचे, लागते. भूक? बेताची आहे. आई पलंगावर बसून दोघांच्या तोंडांकडे आळीपाळीनं बघायची, जणू आपल्यालाही हे नव्यानंच कळतंय. मग डॉक्टर बाबांबरोबर चहा प्यायचे आणि आई, खोकत, तो करायची. मी दारात उभी असायचे. मला माहीत होतं की तिला झोप लागत नाही, कारण मी तिच्या शेजारी झोपायचे आणि ती रात्रभर उशी उलटीपालटी करायची. माझ्याकडे बघून डॉक्टर म्हणायचे, हे पात्र फार अबोल आहे. मी अबोल नव्हते. मला कोणी विचारलंच नव्हतं. आणि हे आठवलं तेव्हा माझा हात एका पोराच्या पोटावर तसाच राहिला आणि त्याच्या आईनं घाबरून विचारलं, काय लागतंय का हाताला? मी म्हणाले, नाही, वारा आहे पोटात.

दुपारी जेवायच्या वेळेत मी मधाळ बाईंना फोन केला. झालेली चूक सांगितली. त्या रागावल्या नाहीत, हे आणखीच वाईट. म्हणाल्या, आपण माणसंच आहोत. म्हणाल्या, त्याच्यासमोर विषयच काढू नका, काहीच घडलं नाही असं दाखवा, तिला एकटीला भेटायची संधी निर्माण करा, पुढचा निर्णय तिचा. मी विचारलं, कशी निर्माण करू? त्या म्हणाल्या, ते परिस्थितीवर अवलंबून आहे. मी आभार मानून फोन ठेवला आणि डब्याचं झाकण इतक्या जोरात लावलं की ते तडकलं. सिस्टर बघत होती. तिला सगळं सांगितलं तर ती म्हणाली, मग आज बापाला वजनाला पाठवायचंच. मी म्हटलं, तो आता जाईल होय? आपली ती युक्ती मेली. आणि मुलगी त्याच्याकडे का जात नव्हती ते तुला आज कळलं का? मलाही ते आजच कळलं होतं, पण ओरडायला तीच सापडली होती.

ते बरोबर वेळेवर आले. तो पुढे, हातात रिपोर्ट, बूट चकचकीत, दाराशी थांबून आत येऊ का विचारणारा. त्याच्यामागे ती, आणि तिच्या कमरेला मुलगी. तिनं केस मोकळे सोडले होते, परवा घट्ट बांधलेले होते. एवढंच मी पाहिलं. चेहरा धुतल्यासारखा कोरा होता आणि तिनं माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. कान उत्तम आहेत, असं रिपोर्ट म्हणत होता. मी तो मोठ्यानं वाचला. तो म्हणाला, ऐकतेच ती सगळं, काल कळलंच आम्हाला. आणि पुन्हा तसाच हसला. सिस्टर आपली युक्ती घेऊन आलीच, वडिलांनी उचला बरं. तो खुर्चीत आणखी टेकून बसला. "आज आईच करेल वजन. मी बसतो मॅडमपाशी." तेव्हा मला समजलं की हा माणूस माझ्याइतकाच माझा धंदा जाणतो. मी म्हणाले, वजन राहू दे, आज बोलणं बघू. ड्रॉवरमधून चित्रांचे पत्ते काढले. चेंडू दाखवला. मुलगी गप्प. मांजर दाखवलं. गप्प. तो म्हणाला, बोल ना बाळा, काल कशी बोललीस, मॅडमना म्हणून दाखव. मुलीनं आईच्या कुशीत तोंड खुपसलं. तो पुन्हा म्हणाला, जरा कमी गोड आवाजात. आणि मला दिसलं की त्याला खरंच हवंय. तिनं माझ्यासमोर बोलून दाखवावं असं त्याला मनापासून हवंय, कारण कालचं वाक्य मला ऐकवायलाच तर तो आला होता.

मग मी खोटं बोलले, आणि मला त्याबद्दल काडीचाही पश्चात्ताप नाही. म्हणाले, काही मुलं समोर फार माणसं असली की मिटतात. तुम्ही जरा दाराबाहेर उभे राहा, दार अर्धं उघडं ठेवते, तुम्हाला सगळं ऐकू येईल. तो माझ्याकडे बघत राहिला. मी रिपोर्टाची घडी घालत बसले, जणू मला काहीच पडलेलं नाही. तो उठला. दार अर्धं राहिलं आणि फटीत त्याच्या बुटाचं टोक चमकत राहिलं. आता खोलीत मी, ती आणि बोलणारं मूल. विचारायची सोय नव्हती. मी चेंडू दाखवला आणि मोठ्यानं म्हणाले, हे काय? मुलगी बुटाच्या टोकाकडे बघत होती. मांजर? नाही. पुढचा पत्ता कंगव्याचा होता. तो मी मुद्दाम काढला नव्हता, हे मी शपथेवर सांगेन, तो फक्त पुढचा पत्ता होता. मुलगी त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं हात वर केला, आईच्या केसांवर ठेवला, अगदी हलका, तापलेल्या भांड्याला लावावा तसा, आणि हळूच म्हणाली, दुखतं. मी पत्ता हातात धरून बसले. पंखा फिरत होता. आणि मग त्या बाईनं, माझ्याकडे न बघता, बुटाच्या टोकावरची नजर न काढता, कानामागचे केस बाजूला केले. तिथे केस नव्हते. बटणाएवढी जागा उघडी होती, लालभडक, ओली. तिनं केस पुन्हा सोडले. बाहेरून आवाज आला, "काय म्हणाली? बोलली ना?" मी म्हणाले, "कंगवा म्हणाली." तो आत आला तेव्हा त्याचं तोंड फुललेलं होतं.

त्या फुललेल्या तोंडावर काहीतरी फेकून मारावं असं मला वाटलं, पत्ते, टेबलावरचं वजनदार पंचिंग मशीन, काहीही. त्याऐवजी मी हसले. म्हणाले, सुरुवात चांगली आहे, पण ती आज एकच शब्द बोलली, कारण दार उघडं होतं. रोज आणावं लागेल, दार बंद करून सराव घ्यावा लागेल. आईनंच बसायचं आत, मुलं आईच्या ओठांकडे बघून शिकतात. यातलं एकही वाक्य कुठल्या पुस्तकात नाही. तो म्हणाला, रोज? मी म्हणाले, लवकर बोलायला हवी असेल तर. नसेल तर महिन्यातून एकदा या, माझं काही म्हणणं नाही. तो विचारात पडला. ती रस्त्यानं एकटी येत नाही, तो म्हणाला, मला सोडावं लागेल. सोडा की, मी म्हणाले, बाहेर बाक आहे, पेपर वाचा. त्यानं बायकोकडे पाहिलं. काय गं, जमेल? आणि ती, माझ्या आईसारखी, त्याच्या तोंडाकडे बघून म्हणाली, तुम्ही म्हणाल तसं. ते गेल्यावर सिस्टर म्हणाली, तुम्हाला कुठे येतं हो बोलायला शिकवायला? मी म्हणाले, नाही येत. तिनं पाण्याचा ग्लास पुढे ठेवला आणि मी तो उभ्यानंच प्यायले.

संध्याकाळी घराच्या दारात किल्ली फिरवली आणि आतला टीव्हीचा आवाज एकदम खाली गेला. रोज जातो. किती वर्षं जातोय, मला कधी ऐकूच आलं नव्हतं. मी चपला न काढता तशीच उभी राहिले. नवरा सोफ्यावर रिमोट हातात धरून बसला होता, पाय टेबलावरून खाली घेतलेले. मी विचारलं, तुला माझी भीती वाटते का? तो माझ्याकडे बघत म्हणाला, "आत्ता विचारलंस म्हणून वाटायला लागली." मग माझं तोंड पाहून गंभीर झाला, म्हणाला, अगं, दिवसभर पोरांचं रडणं ऐकून येतेस, तुला कटकट नको म्हणून कमी करतो आवाज. मला पटलं. अर्धंमुर्धं पटलं. तो पटकन उत्तरला होता, आणि पटकन आलेली उत्तरं मी दिवसभर मोजत असते. मी म्हणाले, वाढव आवाज. त्यानं वाढवला. मग दोघंही, ऐकायचं नसलेलं काहीतरी, मोठ्यानं ऐकत बसलो. मला फक्त एवढंच हवं होतं की सकाळ व्हावी आणि ती यावी. ती येणार नाही, याची मला जवळजवळ खात्री होती. त्याला रात्रीत शहाणपण सुचेल. माझ्यासारख्या बायकांच्या युक्त्या एकदाच चालतात.

ती आली. बाकावर तो पेपर उघडून बसला होता, मला बघून अर्धा उठला, नमस्कार केला. मी आत गेले. मुलगी आईच्या कमरेला. मी दार बंद केलं, कडी लावली, आणि मोठ्यानं म्हणाले, चला, आज खूप शब्द शिकायचे. इतक्या जणींना विचारलंय मी, हजारो वेळा विचारलंय, आणि आता तेच चार शब्द तोंडात दगडासारखे बसले. शिवाय मूल खोलीत होतं. बोलणारं मूल. मी वजनाच्या खोलीचं दार उघडून हाक मारली, सिस्टर, हिचं वजन करा. सिस्टर दारात आली. म्हणाली, त्या दिवशीच आईनं कडेवर घेऊन केलं की मॅडम, तीन दिवसांत काय वाढणार आहे ते? मी म्हणाले, तरी करा. मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि एवढ्या उशिरा पडला म्हणून मी तिच्यावर चिडलेसुद्धा नाही. तिनं गुडघे मोडून मुलीपुढे हात पसरले. मुलीनं आईकडे पाहिलं. आईनं तिची बोटं एकेक करून आपल्या कमरेवरून सोडवली. मुलगी गेली, सिस्टरच्या खांद्यावरून मागे बघत गेली. दार लागलं. काटा खडखडला.

बाहेर बाकावर पेपराचं पान उलटल्याचा आवाज आला. ती खुर्चीत बसली, कडेला, उठायच्या तयारीत असल्यासारखी. मी तिच्यासमोर बसले. मान सरळ ठेवली. आम्ही हे सगळ्यांना विचारतो, हे वाक्य घशाशी आलं आणि मला त्याचीच शिसारी आली. मी अजून तोंड उघडलं नव्हतं.

"हो," ती म्हणाली.